गैरहजर: तळेघरच्या एका कारकुनाची फाईल

मामूंच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळा पडलेला कागद आहे. तारीख जानेवारी १९९२ची. भाषा सरकारी, वाक्यं लांबलचक. अर्थ एवढाच की, सदर कर्मचारी पूर्वपरवानगीशिवाय दीर्घकाळ गैरहजर राहिल्यामुळे व नोटिसांना उत्तर न दिल्यामुळे त्यास शासकीय सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे. पानभर मजकूर आहे. त्यात ‘गैरहजर’ हा शब्द पाच वेळा येतो. ‘आजारी’ हा शब्द एकदाही येत नाही.

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे थोरले भाऊ. १९७६ साली ते एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले. घर मंचरला. अकरा वर्षं जवळपासच्या गावांत काढल्यावर १९८७ला त्यांची बदली आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, तळेघरला झाली. भीमाशंकरच्या वाटेवरचं हे गाव. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळ्यांची वस्ती आणि जून ते सप्टेंबर न थांबणारा पाऊस. सरकारी नोकरांच्या भाषेत अशा ठिकाणच्या बदलीला ‘शिक्षेची बदली’ म्हणत. मामूंनी काही गुन्हा केला नव्हता. त्यांच्यासाठी रदबदली करणारं कोणी नव्हतं, इतकंच.

गावानं त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणून आपलंसं केलं. पण तिसऱ्या पावसाळ्यापासून मामूंची झोप उडाली. सुट्टीत घरी आले की नानीला सांगायचे, “रातभर पत्रे पे पानी बजता है अम्मा, नींद नहीं आती.” पुढे त्यांना वाटू लागलं की कोणीतरी कचेरीतल्या नोंदवह्या बदलतंय, आपल्याला अडकवणार आहे. एकच रकाना ते दहादा तपासत. १९९०च्या पावसाळ्यानंतर ते कामावर गेलेच नाहीत. नानी आधी त्यांना दर्ग्यावर घेऊन गेली. येरवड्याच्या बाह्यरुग्ण विभागात न्यायला आणखी दीड वर्ष गेलं. तोवर चौकशी एकतर्फी पूर्ण होऊन वरचा कागद घरी आला होता.

लहानपणी मला हा कागद म्हणजे मामूंचं नशीब वाटायचा. इतिहास वाचायला लागल्यावर कळलं की या कागदालाही एक इतिहास आहे, आणि तो मामूंच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होतो.

कंपनीची माणसं आणि बाकीची

कामावर असलेल्या माणसाचं मन बिघडलं तर मालकानं काय करावं, हा प्रश्न आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीला फार लवकर पडला. कंपनीचे गोरे अधिकारी, शिपाई, खलाशी इथं येत आणि त्यांतल्या काहींची मनं ढासळत. कंपनीनं त्यांची व्यवस्था केली. अशा माणसांना काही काळ इथं ठेवून नंतर जहाजानं इंग्लंडला परत पाठवलं जाई. लंडनजवळ हॅक्नीमध्ये ‘पेम्ब्रोक हाउस’ नावाचं एक खासगी रुग्णालय होतं. १८१८पासून कंपनी आपल्या अशा माणसांना तिथं स्वतःच्या खर्चानं ठेवू लागली. १८७०मध्ये या रुग्णांसाठी ईलिंगला ‘रॉयल इंडिया असायलम’ सुरू झालं. ते १८९२पर्यंत चाललं. तिथलं जगणं सुखाचं होतं असं नाही. अधिकाऱ्याची खोली वेगळी, साध्या शिपायाची वेगळी. तरी एक तत्त्व मालकाला मान्य होतं: हा माणूस माझ्या कामावर असताना आजारी पडला, त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

हे तत्त्व चामडीचा रंग पाहून लावलं जाई. देशी माणसांसाठी १८५८चा कायदा आला. त्यात आजारी माणूस मुख्यतः बंदोबस्ताचा विषय होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडावं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं आणि असायलममध्ये पाठवावं. १९१२च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’नंही हाच साचा पुढे चालवला. महाराष्ट्रातली चार मोठी मनोरुग्णालयं इंग्रजी अमदानीतलीच आहेत: नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१ आणि येरवडा १९१५. मराठी बोलीत ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला न्या’ ही टवाळी तिथूनच आली.

या व्यवस्थेत माणूस दोनच प्रकारचा असू शकत होता. एक तर तो शहाणा, म्हणजे कामावर हजर. नाही तर वेडा, म्हणजे भिंतींच्या आत. ज्याचं मन काही महिने आजारी आहे, ज्याला औषधं लागतात, जरा सांभाळून घेतलं तर जो पुन्हा उभा राहू शकतो, अशा तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती. कचेरीच्या वहीत तो दिसत होता तो फक्त ‘गैरहजर’ म्हणून. मामूंच्या फाईलमधला हा शब्द इतका जुना आहे.

१९१२चा कायदा रद्द करून ‘मानसिक आरोग्य कायदा’ १९८७ साली संमत झाला, म्हणजे मामूंची तळेघरला बदली झाली त्याच वर्षी. तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. मामूंना कामावरून काढलं त्या दिवशी देशात अजून इंग्रजांचाच ‘लुनसी’ कायदा चालू होता.

मुंबईचा एक पोलीस शिपाई

त्याच काळात मुंबईत एका दुसऱ्या सरकारी नोकराचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलीस दलातले शिपाई. १९८१ साली रस्ते अपघातात त्यांच्या डोक्याला मार बसला आणि त्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला. घर चालावं म्हणून पत्नीच्या भाजीविक्रीच्या परवान्यासाठी त्यांची महापालिकेत धडपड चालू होती. १९८५मध्ये महापालिका आयुक्तांची भेट नाकारली गेली, तेव्हा त्यांनी तिथंच जीव देण्याचा प्रयत्न केला. रखवालदारांनी त्यांना वाचवलं. आणि मग त्यांच्यावर खटला भरला गेला, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९खाली, आत्महत्येच्या प्रयत्नाचा.

१९८६ साली न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठानं हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. मुद्दा साधा होता: जो माणूस जगण्यानं इतका हरला आहे त्याला तुरुंगाची नाही, उपचारांची गरज आहे. १९९४ला सर्वोच्च न्यायालयानं हीच भूमिका घेतली आणि दोनच वर्षांनी, १९९६च्या ग्यान कौर खटल्यात, ती उलटवून कलम पुन्हा वैध ठरवलं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मात्र सांगितलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं, तिला शिक्षा करू नये, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारनं घ्यावी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ उरलेलं नाही. पण कलम २२६ आहे. लोकसेवकाला त्याचं काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर तो आजही गुन्हा आहे. सरकारी दारात हरलेल्या माणसाचं प्रकरण त्यात बसवायचं की आजारात, हा दुबळ यांच्या वेळचा प्रश्न पुन्हा कोणाच्या तरी टेबलावर येऊ शकतो.

मला या निकालात दुसरीच गोष्ट खटकत राहते. न्यायालयानं तुरुंगाचा प्रश्न सोडवला. पण १९८१ ते १९८५ या चार वर्षांत, डोक्याला मार लागलेल्या या शिपायाला झेपेल असं काम कोणतं, हे विचारायला भाग पाडणारा कायदा तेव्हा नव्हताच.

चार वर्षांचं अंतर

तो कायदा ७ फेब्रुवारी १९९६ला लागू झाला. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात ‘मानसिक आजार’ हा अपंगत्वाचा प्रकार म्हणून आला. त्याच्या ४७व्या कलमानं सांगितलं की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर टाकता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं काम द्या. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवा, दुसरं पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. या कायद्यातलं नोकरीचं आरक्षण मात्र अंध, कर्णबधिर आणि चलनवलनाचं अपंगत्व असलेल्यांपुरतंच होतं. मानसिक आजाराला त्यात वाटा मिळाला तो २०१६च्या कायद्यात. या नव्या कायद्यानं ४७व्या कलमाचं संरक्षण कलम २०मध्ये आणलं आणि सोबत ‘वाजवी सोय’ ही कल्पना आणली. म्हणजे कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून कामाच्या वेळेत, जागेत, पद्धतीत करायचे बदल.

मामूंचा आदेश जानेवारी १९९२चा. चार वर्षं उशिरा निघाला असता तर हाच आदेश बेकायदा ठरवता आला असता. पण याहून कडवट गोष्ट मला नंतर कळली. महाराष्ट्राच्या १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांत रुग्णता निवृत्तिवेतनाची तरतूद तेव्हाही होती. शारीरिक किंवा मानसिक दुर्बलतेमुळे कायमचा असमर्थ झालेला कर्मचारी वैद्यकीय मंडळापुढे जाऊन ते मागू शकत होता. मामूंची चौदा वर्षांची सेवा झाली होती. कोणी त्यांना हे सांगितलं असतं, त्यांच्या वतीनं एक अर्ज लिहिला असता, तर नानीला उतारवयात शिवणकाम करावं लागलं नसतं. बडतर्फीनं पेन्शनही गेली. नोटिसा मात्र नियमाप्रमाणे आल्या, रजिस्टर पोस्टानं, तीन. ज्या माणसाला कागदांचीच भीती बसली होती, त्याला कागद पाठवून विचारलं जात होतं की तू का येत नाहीस.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेमकेपणानं सुटायला १७ डिसेंबर २०२१ उजाडलं. केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी रविंदर कुमार धारिवाल यांना मंत्रचळ आणि नैराश्याचा आजार होता. त्यांच्या बोलण्या-वागण्यावरून खात्यानं शिस्तभंगाची कारवाई सुरू केली. निकाल लिहिला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कनेरसर, म्हणजे आमच्या शेजारचंच. न्यायालयानं म्हटलं की, मानसिक आजार असलेल्या माणसाच्या हातून शिस्तभंग ठरणारं वर्तन घडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून सगळ्यांना एकच शिस्तीची काठी लावणं हा वरून समान दिसणारा, पण प्रत्यक्षात भेदभाव आहे. ती कारवाई रद्द झाली. त्यांना दुसरं काम द्यावं लागलं तरी पगार आणि सेवाशर्तींना धक्का लागू नये, आणि शस्त्राशी संबंध नसलेलं काम देण्याची मुभा खात्याला राहील, असा समतोलही न्यायालयानं राखला.

हा निकाल वाचताना मी मामूंचा कागद शेजारी ठेवला होता. ‘शिस्तभंग’ आणि ‘आजार’ या दोन शब्दांमधलं अंतर तोडायला या देशाला १८५८पासून १६३ वर्षं लागली.

माळीणनंतर

हे सगळं जुनं झालं असं मला २०१४पर्यंत वाटत होतं. ३० जुलैच्या सकाळी तळेघरच्याच पट्ट्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत वाचली, बाकी गाव चिखलाखाली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं एका एसटी चालकाच्या. त्यानंतर कित्येक दिवस त्या चिखलात आणि पावसात माणसं राबत होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, डॉक्टर, आरोग्यसेवक, तलाठी, पोलीस, शिक्षक, जेसीबीचे चालक.

माझा एक वर्गमित्र त्यांत होता, आरोग्य कर्मचारी म्हणून. वर्षभरानं चहा पिताना तो सहज बोलून गेला की, रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी उठून दारात उभा राहतो. मला एकदम मामू आठवले. मी विचारलं, “रजा मागितलीस का?” तो म्हणाला, “कशासाठी म्हणून मागू?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात घराचा रकाना असतो, जनावराचा असतो, पिकाचा असतो. ज्यानं तो पंचनामा केला, त्याच्या झोपेचा रकाना नसतो. शेवटी त्यानं रजा घेतली, पण दाखला टायफॉइडचा दिला. कारण खरा दाखला कारकुनाच्या टेबलावरून साहेबाकडे जाईपर्यंत सगळ्या तालुक्याला कळतो आणि मग माणूस बरा झाला तरी शिक्का राहतो. आपल्या कचेऱ्यांमधल्या किती टायफॉइडच्या दाखल्यांमागे काय दडलेलं आहे, हे मोजायला मला आवडेल.

२०१७चा कायदा उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. २०१६चा कायदा प्रत्येक आस्थापनेला, म्हणजे खासगीलाही, समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो. सरकारी कार्यालयात त्यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगतो. पण कामावरून न काढण्याची कलम २०मधली हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. आमच्या पश्चिम भागातली पोरं आता चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातात. त्यांचं मन बिघडलं तर बडतर्फीचा कागदसुद्धा निघत नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही, एवढंच.

दर्ग्याचीही एक गोष्ट इथंच सांगायला हवी. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. आमच्या समाजानं या घटनेकडे डोळे वर करून पाहायला हवं होतं, तितकं पाहिलं नाही. पण नानी मामूंना आधी दर्ग्यावर का घेऊन गेली, याचं उत्तर फक्त अंधश्रद्धा नाही. दर्ग्यावर रजेचा अर्ज लागत नव्हता, कोणी शेरा मारत नव्हतं, आणि तिथं बसलेल्या बायका नानीचं ऐकून घेत होत्या. हे तिन्ही तिला दुसरीकडे कुठं मिळालं असतं तर ती येरवड्याला दीड वर्ष आधी पोहोचली असती.

एक घोंगडी

गेल्या पावसाळ्यात मी तळेघरला गेलो. मामूंच्या वेळचे शिपाई आता खूप थकले आहेत. मी कोणाचा भाचा ते सांगितल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, “भाऊसाहेबांचं अक्षर मोत्यासारखं होतं.”

मग त्यांनी मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. १९८९चा सबंध पावसाळा ते रात्री आपली घोंगडी घेऊन मामूंच्या खोलीवर झोपायला जात. दुसरं कोणी खोलीत असलं की भाऊसाहेबांचा डोळा लागायचा. सकाळी मामूंच्या नोंदवहीतले रकाने ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकदा दोघांनी मिळून तपासलं की मामूंची खात्री पटायची आणि मग दिवसभर काम सुरळीत चालायचं. त्या वर्षी मामूंचं एकही काम मागे पडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शिपायांची बदली झाली. “मी असतो तर ढकललं असतं आणखी काही वर्षं,” ते म्हणाले. “साहेबाला मी सांगितलं होतं, भाऊसाहेबांना मंचरला घरी जवळ द्या. साहेब म्हणाले, तू तुझं काम बघ.”

रात्री सोबत, सकाळी एकदा पडताळणी, आणि घराजवळ बदलीची शिफारस. कायद्यानं २०१६मध्ये ज्याला ‘वाजवी सोय’ म्हटलं, ती तळेघरच्या एका महादेव कोळी शिपायानं १९८९मध्ये करून दाखवली होती. तिला खर्च आला नव्हता. फक्त ती एका माणसाच्या भलेपणावर उभी होती, म्हणून त्याच्या बदलीबरोबर संपली. कायदा हवा असतो तो याचसाठी. भला माणूस बदलून गेला तरी सोय जागेवर राहावी म्हणून.

आज तळेघरात बसून कोणाला रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. पण फोनवरचा समुपदेशक रजा मंजूर करत नाही. महिन्यातून एक दिवस औषधं आणायला तालुक्याला जाऊ देणं, गोळ्यांची गुंगी उतरेपर्यंत सकाळी गाडीवर न बसवणं, पावसाळ्यापुरतं एकट्याला न ठेवणं, हे साहेबाच्या टेबलावरच ठरतं. म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. तिसरी नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवण्याआधी एकदा त्या माणसाच्या घरी जाऊन या.

मामू २००९ला गेले. येरवड्याच्या औषधांनी शेवटची पंधरा वर्षं ते बरे होते. गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. स्वतःचा एक अर्ज तेवढा राहून गेला.